कळवतेवाल्या मॅडम

वसईतल्या एका छोट्या कारखान्यात माणसं निवडायचं काम मी करते. स्वभाव तसा तापट, पण मुलाखतीच्या खोलीत माझ्याइतकी गोड बाई शोधून सापडायची नाही. उमेदवाराला चहा-बिस्किट, घरच्यांची विचारपूस, आणि उठताना हसून, "कळवते हं." ज्यांना घ्यायचं त्यांना मी कळवायचे. उरलेल्यांना आपसूक कळत असणार, असं धरून चालले होते. कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणत गायब झालेल्या मंडळींना माझ्या आईने जन्मभर नावं ठेवली. तिची लेक पोटापाण्यासाठी तेच करत होती, आणि वर स्वतःला सभ्य समजत होती.

मागच्या रविवारी मोगऱ्याची रोपं आणायला भुईगावला गेले. वाडीवाल्या बाईंनी अंगणातल्या क्रुसाजवळच्या ओट्यावर बसवलं आणि आत चहाची हाक दिली. कप घेऊन बाहेर आली ती ओळखीची मुलगी! दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे स्टोअरच्या जागेसाठी मुलाखत देऊन गेलेली. मला बघून तिचा चेहरा इतका उजळला की तिथल्या तिथे पळून जावंसं वाटलं.

"आई, ह्याच त्या कळवतेवाल्या मॅडम!"

"मंग कळवायला घरीच आल्या? आम्ही बोललो फोन करतील," आई म्हणाली, आणि तिने पोरीच्या तक्रारींचा पाढाच वाचला. "मागच्या वाफ्यात फोन लागत नाय, म्हणून ही तिकडे फिरकतच नाय. पुढच्या भाजीला दोन-दोनदा पाणी, मागचा वाल पार सुकला. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर ऑफिसच्या कामाला बोलवतात, तर ही बोलते, मॅडम कळवणार आहेत, मी कशी जाऊ?"

मुलगी लाजून हसत होती. आमची ती जागा तिच्या मुलाखतीच्या दिवशीच, दुपारच्या जेवणाआधी भरली होती.

थाप मारायची हुक्की आली, खोटं कशाला बोलू? पण त्या सुकलेल्या वालापुढे जीभ वळेना. सांगून टाकलं.

"त्याच दिवशी?" तिने विचारलं.

"हो."

"मग सांगायचं ना, मॅडम. मी काय रडले असते?" ती थांबली. "रडले असते. पण दुसऱ्या दिवशी शाळेत गेले असते."

पोरीने तिथेच सिस्टरना फोन लावला, आईला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले, त्यांच्या आणि आमच्याही.

"अगं, परवाच भरली गं ती जागा," सिस्टर म्हणाल्या. "तुला दोनदा विचारलं होतं. तरी दुसरीला घेण्याआधी तुला एक फोन करायला हवा होता मी. माफ कर हो, बाळा."

ज्यांची काहीच चूक नव्हती, त्यांनी माफी मागितली. जिची होती ती समोर बसून त्या मायलेकींच्या घरचा चहा पीत होती.