विहाराले शून्य

“नल वाली कौन है? खड़ी हो जाओ.”

मानसशास्त्राच्या सरांच्या हातात माझा कागद होता. लोकं आपला वेळ कसा वापरतात ते मोजायची प्रश्नावली. नाव लिहू नका, खरं लिहा, असं त्यायनंच सांगितलं होतं. मी खरं लिहिलं. येडी मी. सकाळचा पयला तास कशात जातो? नळावर. माय गोरखपूर मोहल्ल्यात लोकायचे भांडे घासाले जाते, मंग पाणी कोण भरीन? रविवारी काय करता? वस्तीतल्या बुद्धविहारात पोरायले शिकवते.

वर्गात नळावर जाणारं दुसरं कोणी नव्हतं. सारे माझ्याकडंच पाहून राहिले होते. मी उभी राहिली.

“देखिए, टाइम मैनेजमेंट ज़ीरो. इन लोगों के घर घड़ी होती है, समय की क़द्र नहीं होती.”

वर्ग खो-खो हसला. माझ्या बाजूची, जिच्या डब्यात मी रोज जेवत होती, तीही हसली. मंग सरांनी दुसरा कागद वाचला, अन् तिनंच हात वर केला. सकाळी एक तास पूजा. पूर्ण नंबर.

अंगाची आग झाली माझ्या. “सर, पूजा को नंबर मिला. विहार को क्यों नहीं?”

“बेटा, वो संस्कार है. ये टाइमपास है.”

बेटा म्हणाला. तेच जास्त झोंबलं. त्याच विहारातल्या सतरंजीवर शिकून मी एम.ए.पर्यंत आली होती. अन् हा त्याले टाइमपास म्हणे.

मी टेबलापाशी गेली. “मेरा कागज़ वापस दीजिए.”

“अच्छा? फिर डिज़र्टेशन पर मेरी साइन भूल जाओ.”

साइन नाही तर पूर्ण वर्ष पाण्यात. मायचे साबणानं फाटलेले हात डोळ्यापुढं आले. तरी मी हात पसरूनच उभी राहिली. त्यानं कागद खाली फेकला. मी वाकून उचलला.

साइन झाली नाही. वर्ष गेलं. माय रडली, मंग कितीक दिवस माझ्याशी बोलली नाही. मलेही वाईट वाटते, खोटं काहून बोलू?

आता मी माझी प्रश्नावली बनवून राहिली. नावासकट. पयला प्रश्न: तुम्ही पूजेला बसता तवा तुमच्या घरचे भांडे कोण घासतं?

अन् पयलं दार सरांचंच वाजवणार हाय.