लाल खुणेचा डबा

भाव वाढेल या आशेवर कापूस घराघरांत पडून राहायचा, त्या वर्षांतली ही गोष्ट. मुकुटबनकडच्या आमच्या घराची पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. उरलेल्या कोपऱ्यात, खाटेला लागून सतरंजी टाकून मी शाळा उघडली. विद्यार्थिनी एकच, माझी आठ वर्षांची लेक.

झालं असं की तिला शाळेतून आणायला गेलो, तर खिचडीच्या तांदळाशेजारी फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा. मुलं त्यानं फुलझाडांना पाणी घालायची. मी हेडमास्तरांपुढे जे बोलायला लागलो, तेवढा वेळ आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकांनाही प्रवचनाला मिळत नाही. लेकरांची राखण देवानं आईबापांवर सोपवलीय, त्यांना घरीच शिकवलं पाहिजे, सगळं बोललो.

हेडमास्तर म्हणाले, "भाऊ, डबा आत्ताच फेकतो. पोरीले कायले नेता?"

पण भाषण इतकं रंगलं होतं, की मागं फिरणं जमेना.

बायकोनं अट घातली. "महिनाभर पाहू. तिथल्यापेक्षा इथं बरं असलं तर ठेवू, नाही तर पोरगी परत शाळेत."

सकाळी प्रार्थना, मग पाढे, मग बायबलातल्या उत्पत्तीतला पाठ. आदामानं सगळ्या जिवांना नावं दिली, हे लेकीला फार आवडलं.

"बाबा, बोंडअळीले त्यानंच नाव देल्लं का? तवा कापूस होता का?"

मला कुठं ठाऊक. शाळेत एवढ्या पोरांत तिचा प्रश्न विरून गेला असता. इथं पाढे बाजूला ठेवून आम्ही दोघं शेतात गेलो आणि बोंडं फोडून अळ्या पाहत बसलो. घरी शिकवण्याच्या बाजूनं मला आजही हेच पहिलं सांगावंसं वाटतं.

तिचा उत्साह पाहून मी म्हटलं, घरातल्या एकेका वस्तूवर काय लिहिलंय ते वाच. ती खाटेखाली शिरली.

"बाबा, इथं विष लिहून हाय."

शेतात चोरी होते म्हणून मीच आणून ठेवलेला, गच्च भरलेला डबा. सतरंजीपासून हातभर अंतरावर.

"शाळेतल्या डब्याले हिरवी खूण होती. याले लाल हाय." लाल खूण सगळ्यांत जहाल, हेही मीच शिकवलेलं.

बायको चुलीजवळून उठून आली. तिनं डबा पाहिला, मग मला. "हेडमास्तरले बोलावू का? भाषण द्याले."

मी डबा उचलला आणि शेतातल्या खोपटाकडे निघालो, पेटीत कुलूपबंद करायला. वाटेत नेमके हेडमास्तर भेटले. "काहून भाऊ, शाळेच्या फुलझाडांसाठी आणून राह्यले का?"

घरी आलो तर बायको खाटेखालून झाडू मारत होती. मी चाचरत विचारलं, "मग, पोरीचं काय?"

"महिना आजपासून धरा," ती म्हणाली. "अन् पोरीले फळीवरचं वाचू द्या. तिथं काय काय ठेवलं तुमी, मले मालूम नाही."