मे महिन्यातला डावा हात

आमच्या शाळेच्या बास्केटबॉल टीममधले तिघे-चौघे कुणाच्या लग्नात भेटलो, की पंगतीत हमखास कुणीतरी विचारतं, "अरे, तो मे महिना आठवतो?" झालं! पानावरचं पायसम तसंच राहतं. गंमत म्हणजे जिंकलेल्या मॅचेसचे स्कोअर आम्हाला कुणालाच आठवत नाहीत. किस्से सगळे त्या सुट्टीतले, जेव्हा एकही मॅच नव्हती. आणि दर लग्नात त्यांत एखादा वाढतोच! त्यातले मी डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतो.

*

ऐंशीच्या दशकातलं मद्रास. वडिलांची बदली गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात झाली आणि मी सांगलीहून थेट या शाळेत आलो. आमचे कोच गोविंदराव सर तंजावरकडचे मराठी. मधूनच 'रे'च्या जागी तमिळ 'डा' येणारं त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकून माझी आई पदर तोंडाला लावून हसली, आणि नंतर त्यांच्याशी बोलायला निमित्तं शोधायला लागली.

परीक्षा संपली की बाकीच्या शाळांची पोरं गावाला जायची. आम्ही मात्र उजाडायच्या आत सिमेंटच्या कोर्टवर हजर. ऊन तापलं की तिथे पाय ठेवायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "सीझनमध्ये खेळाचं. सुट्टीत शिकाचं. तुमचा उजवा हात शहाणा आहे डा, डावा अजून पाळण्यात आहे!"

मग हुकूम सुटला. मे महिनाभर सगळं डाव्या हातानं. ड्रिबल, पास, शॉट तर झालंच, पण घरी दात घासायचे, केस विंचरायचे, दार उघडायचं, तेही डाव्यानंच.

"आणि जेवण, सर?" कुणीतरी विचारलं.

"जेवण उजव्यानं. नाहीतर तुमच्या आया लाटणी घेऊन माझ्या घरी येतील!"

*

आमचा कॅप्टन सेल्वम आज्ञाधारक. तो माझ्यापुढे टी. नगरच्या बसमध्ये चढला आणि कंडक्टरपुढे डाव्या हातानं पैसे धरले. डाव्या हातानं पैसे! कंडक्टरनं हातच मागे घेतला. "उजवा हात कुठे आहे?" त्यानं तमिळमध्ये खडसावलं.

उजवा हात पाठीमागे होता. सेल्वम पडेल आवाजात म्हणाला, "महिनाभर वापरायचा नाही असं सांगितलंय."

कंडक्टरचा चेहराच बदलला. "अय्यो! फ्रॅक्चर?" असं म्हणून त्यानं एका धडधाकट गृहस्थाला उठवलं आणि सेल्वमला खिडकीची जागा दिली. एवढंच नाही, तर उतरताना हात धरून खाली उतरवलं!

दुसऱ्या दिवसापासून त्या बसमध्ये फ्रॅक्चरची साथ आली.

*

पण कोर्टवर याच सेल्वमचे हाल कुत्रा खात नव्हता. डाव्या हाताचा लेअप म्हणजे धावत येऊन उडी उजव्या पायावर घ्यायची. उजव्या हाताचं बरोब्बर उलटं. सेल्वम झोकात धावत यायचा, रिंगखाली पोचला की त्याच्या पायांत भांडण व्हायचं, आणि तो थेट खांबाला मिठी मारायचा.

तिसऱ्या मिठीनंतर सर शांतपणे म्हणाले, "सेल्वम, तारीख काढू का? मुलगी चांगली उंच आहे."

*

शनिवारी प्रॅक्टिस संपली की शेजारच्या देवळात गरम पोंगल मिळायचा. आम्ही घामाघूम रांगेत उभे. द्रोण घ्यायची वेळ आली तसे सगळे एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले. प्रसाद डाव्या हातानं कसा घ्यायचा? आणि उजव्यानं घेतला तर सरांचं काय? रांगेत सगळ्यात पुढे सरच होते. म्हटलं, बघू या.

सरांनी बेधडक उजवा हात पुढे केला.

"सर! डावा, डावा!" आम्ही मागून ओरडलो. पुजारी दचकले.

सर वळलेसुद्धा नाहीत. द्रोण कपाळाला लावून म्हणाले, "देवाबरोबर मॅच नाही डा आपली!"

*

आता पांडूबद्दल. पांडुरंग सरांसारखाच तंजावरी मराठी, वर्गात माझ्या बाकावर बसायचा. दोन वर्षं टीमबरोबर होता, पण बेंचवर. उजव्या हातानं त्यानं बॉल टाकला की तो बोर्डाच्या वरून पलीकडच्या बागेत जायचा आणि माळी बोंब मारायचा. तरी पांडू रोज सगळ्यांच्या आधी यायचा. बास्केटबॉलसाठी जीव टाकायचा पोरगा! ते वर्ष शेवटचं होतं. जूनमधल्या निवडीत नाव लागलं नाही, तर बॉल बंद आणि ट्यूशन सुरू, असं त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, बजावलं होतं.

आणि डाव्या हाताचा महिना लागला. आम्ही सगळे धडपडत होतो, आणि पांडू? रिंगचा आवाजसुद्धा न होता जाळीतून बॉल खाली. पुन्हा एक. पुन्हा एक. सेल्वम खांबाला धरून बघत राहिला.

सरांनी पांडूला जवळ बोलावलं. "तू मुळातला पीच्चांगै की काय रे?" पीच्चांगै म्हणजे डावखुरा, आणि मद्रासमध्ये हा शब्द कुणी कौतुकानं वापरत नाही. पांडूनं मान खाली घातली. पहिलीत डाव्या हातात पेन्सिल दिसली की अप्पांची फूटपट्टी मनगटावर बसायची, हे त्यानं मला पूर्वी सांगितलं होतं. तेव्हापासून तो हात त्यानं जणू घरी ठेवला होता.

*

सर त्याच संध्याकाळी पांडूच्या घरी गेले. मी सोबत होतो. अप्पा हेडक्लार्क. घरातही शर्टाची बटणं मनगटापर्यंत लावलेली. फिल्टर कॉफी आली. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डाव्या हाताचं पोर म्हणून लोक हसतात. मला ते नको."

"रिंग हसत नाही, अप्पा," सर म्हणाले.

"निवडीच्या दिवशी मी स्वतः येऊन बघतो."

घराबाहेर पडल्यावर सर मला म्हणाले, "कॉफी मात्र फर्स्टक्लास होती!"

*

निवडीच्या सकाळी अप्पा खरंच आले. कोर्टच्या कडेला खुर्ची टाकून ताठ बसले. त्यांना बघताच पांडूचा डावा हात पुन्हा गुमान लटकला. उजव्यानं पहिला शॉट, बोर्डाच्या बाहेर. दुसरा, रिंगच्या खाली. माझा जीव तुटत होता. सर यादीचा कागद हातात धरून उभे. पोराला ओरडून सांगावं, तर बाप समोर बसलेला.

तिसरा शॉट रिंगच्या कडेला आपटून उडाला आणि टप्पे घेत थेट अप्पांकडे गेला. अप्पा चटकन उठले, बॉल अडवला आणि परत फेकला.

डाव्या हातानं. खांद्यावरून. बॉल अर्धं कोर्ट ओलांडून सरळ पांडूच्या छातीवर आला, एकही टप्पा न घेता!

सरांनी तोंडातली शिट्टी काढली. "अप्पा," ते हळूच म्हणाले, "तुम्ही कुठल्या टीमला खेळत होता?"

अप्पांनी आपल्या हाताकडे बघितलं. मग तो पाठीमागे नेला.

"कुठल्याच नाही," ते म्हणाले, आणि खाली बसले. पांडू बॉल छातीशी धरून त्यांच्याकडे बघत तसाच उभा होता.

"बघत काय राहिलास रे? खेळ की!" अप्पा खुर्चीतूनच म्हणाले.

पांडूनं बॉल डाव्या हातात घेतला.