ग्रहांच्या मधली धूळ

“रिकामं म्हणू नका, विरळ म्हणा.” विज्ञानाच्या बाई हे इतक्यांदा म्हणायच्या, की किनवटच्या आमच्या निवासी शाळेत लाडू संपले तरी मुली म्हणत, “डबा विरळ झाला.”

बाई गेल्या आठवड्यात वारल्या. मुख्याध्यापकांनी ठरावाच्या वहीत शोकठराव लिहून ग्रंथालयात माझ्याकडे सहीला पाठवला. ‘त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ हे वाक्य तुम्हीही शंभरदा वाचलं असेल. दोन दिवस वही माझ्या टेबलावर आहे. सही होत नाही.

कारण ‘पोकळी’ याच शब्दावरून त्यांचा वर्ग गेला. ‘ग्रहांच्या मध्ये काय असते?’ या प्रश्नाला सातवीतल्या एका मुलीने लिहिलं, ‘लई बारीक धूळ.’ बाईंनी पूर्ण गुण दिले.

“बाई, उत्तरसूचीत पोकळी आहे. गुण कापा,” मुख्याध्यापक म्हणाले.

“न्हाई कापत. सूची चुकली, पोरगी न्हाई.”

“मग दाखवा ती धूळ!”

“दाखवते की. चला.”

फाल्गुनातली अमावास्या जवळ होती. दिवस मावळून दीड तास झाल्यावर बाईंनी आम्हा दोघांना वसतिगृहामागच्या रानात उभं केलं. पश्चिमेला, सागाच्या शेंड्यांवर, फिकट उजेडाचा तिरपा सुळका दिसत होता.

“धूळच हाय ती, सर. वर अजून ऊन हाय, त्यात चमकून राहिली.”

“गावाचा उजेड असेल.”

“तिकडं गाव हाय का? नुसतं जंगल तर हाय.”

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. “ग्रंथपाल, तुम्हाला दिसतं काही?”

मला स्वच्छ दिसत होतं. मी म्हणालो, “चष्म्याचा नंबर वाढलाय, सर.”

बाई हसल्या. “बदला भाऊ चष्मा. आभाळ कुठं पळून चाललंय?”

सोमवारी विज्ञान काढून त्यांना कोठीघर दिलं. मुलीचा गुण मात्र कापता आला नाही. तिची उत्तरपत्रिका बाई स्वतःच्या पिशवीत घेऊन फिरत. कोठीच्या पत्र्याला भोक होतं. ज्वारी निवडताना तिथून उन्हाची तिरीप आत आली की बाई मुलींना विचारत, “सांगा, मधे काय हाय?” मला त्या कधीच टोचून बोलल्या नाहीत. तेच जड गेलं.

आज शिपाई तिसऱ्यांदा वही न्यायला आला. “सर म्हणले, नुसती सही करा. वाचायचं काय त्यात?”

मी ‘पोकळी’वर रेघ मारली. शिक्क्यासाठी सोडलेल्या जागेत सावकाश लिहिलं, ‘त्या संध्याकाळी मला उजेड दिसला होता.’

मग सही केली.