मास्तरांच्या दारात बिजागऱ्या

चहा घ्या, पण घोट जपून घ्या, ठसका लागेल. मी माझी अब्रू माझ्याच कारखान्यात घडवून, वर पॉलिश मारून, टेम्पोत भरून सोयऱ्यांच्या दारात कशी पोचवली, ते सांगतोय. इतकी वर्षं झाली, अजून कान गरम होतात हो!

वसईच्या बाजारात माझं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान. त्या जोरावर वालीवला बिजागऱ्यांचा छोटा कारखाना टाकला. शिक्षण चौथी नापास, पण आवाज दणदणीत, आणि कारखाना त्या आवाजावरच चालायचा. "शेठ, आधी चार इंची की सहा इंची?" "शेठ, आता कुठला प्रेस लावू?" माझा घास तोंडात, आणि दारात कुणीतरी "शेठ..." करत उभा!

तेवढ्यात कॉम्प्युटरचं वारं आलं. अंधेरीच्या एका इंजिनीअरनं माझ्या गळ्यात एक मारला. त्यात म्हणे एक प्रोग्रॅम होता. गिऱ्हाईक, माल, नग, तारीख एवढं घालायचं. कुठल्या मशीनवर कधी काय काढायचं ते तो ठरवणार, आणि मशीनगणिक कार्ड छापून देणार. मी इतका खूश, की भिंतीवर पाटीच ठोकली: 'कार्ड आले की काम करा. शेठना विचारू नका.'

ही पाटी लक्षात ठेवा बरं का.

त्याच सुमारास माझ्या मुलीचं, सेलिनाचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा पापडीचा, बँकेतला, पोरीच्या मनात भरलेला. त्याचे वडील इनास मास्तर, निवृत्त हेडमास्तर, फूटपट्टीसारखे सरळ. "आम्ही सुतळीचा तोडासुद्धा घेणार नाही," असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलेलं. मला एकच धास्ती: हेडमास्तरांचा व्याही चौथी नापास? शोभायचं कसं?

म्हणून मास्तरांना आणि मास्तरीणबाईंना नेलं कारखान्यात, थेट कॉम्प्युटरपुढे.

"यात काय घालता येतं?" मास्तरांनी चष्मा सावरला.

"काहीही! तुमचंच नाव घालू की."

नाव घातलं, पापडीचा पत्ता घातला. माल? सहा इंची बिजागरी.

"किती घालू, मास्तर?"

"घाला पाच."

पाच? एवढ्या थोरल्या मशीनला पाच? मी पाचावर शून्यं देत सुटलो! कॉम्प्युटरनं तारीख विचारली, साखरपुड्याची घातली. घाई आहे का विचारलं, 'फार' म्हणून दाबलं.

"आणि माझं नाव?" मास्तरीणबाई लाजत म्हणाल्या.

त्यांच्या नावावर दाराच्या कड्या. तिथेही हात सैल सोडला.

प्रिंटर टर्रर्र करत सुटला. कडेला भोकं पाडलेला कागद बाहेर येतोय, येतोय, येतोच आहे! "पास्कलभाऊ, तुम्ही तर फार पुढे गेलात," मास्तर म्हणाले. झालं, मी हवेत! हवेतच त्यांना निरोप दिला आणि हवेतच साखरपुड्याच्या खरेदीला लागलो. कार्डं? ती कोणाला आठवतायत!

साखरपुड्याचा दिवस. अंगणात मांडव, बँडवाले, केक, अख्खं गोत जमलेलं. मास्तरांकडची मंडळी काही येईनात. सेलिना सारखी खिडकीशी.

शेवटी आला एक टेम्पो. माझाच! ड्रायव्हरशेजारी सुटाबुटातले इनास मास्तर. मागे गोण्याच गोण्या. आणि त्यामागून टांग्यांतून बाकीची मंडळी.

"पास्कलभाऊ," मास्तर उतरले, "सुतळीचा तोडा नको म्हटलं होतं ना मी?"

"हो, मास्तर."

"मग हे लोखंड? अहो, अर्धी पापडी दारात जमली! विचारतायत, मास्तरांनी हुंडा बिजागऱ्यांत घेतला काय? माझ्या घराला दारं आहेत चार!"

सेलिनाचा चेहरा पांढराफटक. आणि मी, तिचा बाप, काय केलं असेल? कबूल केलं? छे!

"कॉम्प्युटरची चूक, मास्तर! आणि हा आमचा फोरमन जनार्दन. डोळे मिटून माल काढतो!"

जनार्दन अर्नाळ्याचा कोळी. केकची बशी हातात धरूनच पुढे आला. "माजा काय चुकला, शेठ? कार्ड आला, काम केला. पाटी कोनी लावली?"

"अरे, नाव तरी वाचायचं!"

"वाचला ना! म्हनून तर पॉलिश केला. घरचा काम. म्हटला, सोयऱ्यांत शेठचा नाक नको कापायला."

मांडव हसला. बँडवाले हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. "शून्यं कोणी दिली, पास्कलभाऊ?"

वर्गात उभं केल्यासारखी माझी मान खाली. "मी. तुम्हाला दिपवायला गेलो, मास्तर. वर या बिचाऱ्यावर ढकललं. माझी शिक्षा पोरीला नका देऊ."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. मग म्हणाले, "पोर कबूल झालं की मी छडी खाली ठेवायचो." त्यांनी खिशातून अंगठीची डबी काढली, उघडली. सेलिनाच्या डोळ्यांत पाणी. माझ्या जिवात जीव.

तेवढ्यात जनार्दन खाकरला. "शेठ, इचारू नका लिवलाय, पन आज इचारूनच घेतो. बाईंच्या नावच्या कड्या पन भरून तयार हायेत. आज पोचवू, का लग्नाला?"

मास्तरांच्या हातातली डबी टक्कन मिटली.

पुन्हा उघडली म्हणा, म्हणून तर आज आजोबा म्हणवून घेतोय. पण जन्मभर बिजागऱ्या केल्या मी, आणि सगळ्यांत जास्त घाम फोडला तो त्या डबीच्या एवढ्याशा बिजागरीनं!