अंबूबाईच्या पावलांचं बेट

सायखेड्याच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या पात्रात एक बेट आहे. लांबून बघणाऱ्याला ते फार शांत दिसतं. धक्क्याला बांधलेली एक होडी, काठाला बगळे, मध्ये मेथी-कोथिंबिरीचे हिरवेगार वाफे. येणारे-जाणारे मोबाईल काढून फोटो घेतात आणि ‘काय सुख असेल इथं’ म्हणून पुढे जातात. सुख म्हणे! त्या धक्क्याच्या पायऱ्या एकदा रक्तानं भरल्या होत्या आणि त्या अंबूबाईनं स्वतःच्या हातानं धुतल्या होत्या, हे फोटोत कुठून दिसणार?

अंबूबाई आज शहात्तरची. काटक, उंच, आणि जिभेच्या आधी हात चालणारी. बेट तिच्या घरचं, पण ते कधी एका जागी नीट राहिलं नाही. नदी दर पावसाळ्यात ते एकीकडून खाते आणि दुसरीकडे गाळ आणून टाकते. तलाठ्याच्या नकाशाला नदी काही विचारत नाही. म्हणून या घरात वाटणी दरसाल नव्यानं होते, आणि तिची रीत ठरलेली आहे. पूर ओसरला की कार्तिकात, दोन भावांच्या आईनं अनवाणी, पाण्याच्या कडेकडेनं बेटाला फेरी घालायची. धक्क्यापासून निघायचं, बेट उजव्या हाताला ठेवायचं, आणि शंभर पावलं झाली की एक तुरखाटी रोवायची. फेरी पुरी झाली की काठ्या मोजायच्या आणि निम्म्यावरच्या काठीपासून धक्क्यापर्यंत दोरी धरायची. दोरीच्या अलीकडचं, म्हणजे फेरीत आधी येणारं, थोरल्याचं; पलीकडचं धाकट्याचं. भावाच्या पावलावर भाऊ विश्वास ठेवत नाही, पण आईच्या ठेवतो. दोघं एकाच पोटात राहिलेले, ती कुणाला कमी कशी देईल?

क्षेत्रफळ काढणाऱ्या शहाण्याला ही रीत पटायची नाही. पण ती गणितासाठी नव्हतीच. कुऱ्हाडी घरात राहाव्यात म्हणून होती.

कारण एका वर्षी त्या घराबाहेर आल्या होत्या. अंबूबाईची सासू बयाबाई भादव्यात वारली आणि त्या साली फेरीला पावलंच उरली नाहीत. कार्तिकात अंबूबाईचा नवरा बहिरू आणि त्याचा भाऊ कुऱ्हाडी घेऊन धक्क्यावर भेटले. बहिरूच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. भावाचं डोकं फुटलं आणि तो पाणी मागता मागता तिसऱ्या पायरीवर मेला. अंबूबाई तेव्हा सव्वीस वर्षांची होती. बहिरूला पोलीस घेऊन गेले, आणि ती घमेल्यानं नदीचं पाणी ओतत संध्याकाळपर्यंत पायऱ्या घासत बसली. थोरला रंगनाथ तिच्या पदराला धरून होता, धाकटा भारत पाठीला बांधलेला होता.

त्या दिवसानंतर तिला एकच धास्ती राहिली, की आपली पोरं त्या पायरीवर जातील. तिनं पोरांना माया कमी केली नाही, पण मार त्याहून जास्त दिला. भांडण कुणी काढलं हे ती कधीच विचारत नसे. एकाला चार रट्टे, दुसऱ्याला चार. एखाद्याला चुकून पाच बसले, तर दुसऱ्याला हाक मारून बोलावी आणि पाचवा देई. गावात लोक हसायचे, पण पोरं मोठी झाली, बहिरू तुरुंगातून आला, पुढे मेलाही, आणि धक्क्यावर पुन्हा रक्त सांडलं नाही. अंबूबाई मनातून म्हणे, हे माझ्या पावलांचं पुण्य.

यंदाची फेरी सकाळी झाली. चोवीस काठ्या लागल्या, बारावी निम्म्याची. दोरी धरायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात भारतची बायको शुभांगी ठिबकच्या नळीचं वेटोळं खांद्यावर घेऊन आली. आपल्या बाजूच्या दोन काठ्यांमध्ये बरोबर पुरेल असा तुकडा तिनं कापला होता. तोच तुकडा तिनं जावेकडच्या दोन काठ्यांमध्ये टाकून बघितला, तर सात हात कमी पडला. तिनं पुढच्या काठीपाशी बघितलं. तिथंही तेच.

भारत तरातरा आईपुढे येऊन उभा राहिला. “आई, दादाकडं तुझी ढांग पडती आन् माझ्याकडं आल्यावर पाय आखडतो. किती वर्सं चाललंय ह्ये?”

अंबूबाईनं त्याच्या कानाखाली जाळ काढला. पन्नाशीचा बाप्या, पण तो जागचा हलला नाही.

“आत्या, मुद्दाम केलं असं कोन म्हनतंय?” शुभांगी मध्ये पडली. “तुमी दमता. निम्मं झालं का पाय छोटा पडतो. अन् निम्म्यानंतर दरसाल आमचीच बाजू येती.”

“मंग उलटी फेरी घाल,” भारत म्हणाला. “माझ्याकडून निघ.”

रंगनाथ फावडं टेकून उभा होता. तो उसळला. “उलटी फेरी सरनाभोवती घालत्यात. माझ्या रानाला मढं म्हनतो का रे?”

“म्हनतो! काय करशील, रंग्या?”

थोरल्या भावाला नावानं हाक गेली आणि पुढचं बोलणं संपलं. रंगनाथनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. भारतनं होडीतलं वल्हं उपसलं आणि असं घातलं, की ते रंगनाथच्या पाठीवर मोडून दोन तुकडे झाले. रंगनाथ गुडघ्यावर आला, पण पडता पडता त्यानं भारतचा पाय ओढला, त्याला चिखलात पालथा घातला आणि मानेवर गुडघा देऊन त्याचं तोंड गाळात दाबलं. भारतचे हात पाणी मारत होते. शुभांगी किंचाळत दिराचे केस ओढत होती. अंबूबाईनं काठी उचलली आणि सवयीनं एकाला चार, दुसऱ्याला चार हाणल्या. दोघांपैकी एकालाही त्या लागल्या नाहीत. ते बघून ती पहिल्यांदा घाबरली. तिसरी पायरी तिथून हातभर लांब होती.

तिनं काठी टाकली आणि बेट डाव्या हाताला ठेवून चालायला लागली.

“एक,” ती मोठ्यानं म्हणाली. “दोन. तीन.”

तिसऱ्या पावलाला रंगनाथनं मान वर केली. फेरी चालू झाली म्हणजे दोघांनी बरोबर चालायचं, नाहीतर दुसरा काठी सरकवतो. लहानपणापासून अंगात मुरलेलं ते. त्यानं भावाच्या मानेवरचा गुडघा काढला आणि पडलेलं फावडं हातात घेतलं. भारत गाळ थुंकत, खोकत उठला. फुटलेल्या ओठाचा एक आणि रक्ताळलेल्या पाठीचा एक, असे दोघं एकमेकांवर डोळे रोखून आईच्या मागे निघाले. सकाळच्या काठ्यांत मिसळू नयेत म्हणून शुभांगी लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवत गेली. मध्ये दोनदा ते पुन्हा एकमेकांच्या अंगावर गेले आणि दोनदा अंबूबाईनं आकडा आणखी मोठ्यानं ओरडला.

एका दिवसात दुसरी फेरी. पाय सुजले, पावलं आणखी आखडली. या खेपेला सव्वीस काठ्या लागल्या. फेरी पुरी करून ती तेराव्या काठीपाशी परत आली आणि उभी राहिली. सकाळची बारावी काठी तिथून चांगली साठ पावलं पलीकडे होती. मधल्या पट्ट्यात रंगनाथची मेथी भरात आली होती.

अंबूबाईला लाज वाटली. आयुष्यात नवऱ्यानं केलेल्या खुनाची वाटली नव्हती एवढी. तिनं कुणाला एक रट्टा जास्त दिला नव्हता, आणि जमीन मात्र वर्षानुवर्षं एकाच्या ताटातली काढून दुसऱ्याला वाढली होती.

“बघ,” भारत म्हणाला. “बघ आता.”

“ह्यी काठी दमलेली अन् तीबी दमलेली,” ती म्हणाली. “खरी मधी हाय.” ती मेथीत शिरली, तीस पावलांवर थांबली, एक काठी मातीत खुपसली आणि उजवा पाय बुडाशी देऊन दाबू लागली. “माझे पाय खोटे निघाले रे. ह्यी शेवटची.”

“काढ ती!” रंगनाथ ओरडला, आणि त्यानं काठी उपटायला फावडं हाणलं. त्याला काठी दिसली, पाय दिसला नाही. फावडं चवड्यात हाडापर्यंत गेलं.

अंबूबाई खाली बसली. मेथीची हिरवी पानं लाल होत गेली. भारतनं फावडं उचललं आणि भावाच्या डोक्यावर धरलं. रंगनाथनं हात वर केला नाही. तो पायाकडे बघत होता.

“भारत,” अंबूबाई म्हणाली, “आधी मला उचल. मंग काय मारायचं ते मार.”

फावडं खाली पडलं. शुभांगीनं पदर फाडून पाय आवळला. दोघांनी आईला हातांच्या पाळण्यावर घेतलं आणि वाफे तुडवत सरळ धक्क्याकडे धावले. कुणाचा वाफा कुठला, हे कुणी बघितलं नाही.

होडीत बसल्यावर कळलं, की वल्हं एकच उरलंय. भारत डाव्या अंगाला, रंगनाथ उजव्या. भारत एकटाच सपासप मारत सुटला, तशी होडी जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली. काठ जवळ येईना. रंगनाथ वल्ह्याला झोंबला, भारत सोडीना. भरपाण्यात दोघं पुन्हा एकमेकांवर डाफरू लागले, होडी डुचमळली, आणि शुभांगीनं सासूला दोन्ही हातांनी आवळून धरलं.

अंबूबाईचे डोळे मिटत होते. पदर भिजून रक्त होडीच्या तळाला उतरलं होतं. तिनं हात लांब करून भारतच्या मनगटावर एक चापट मारली. तिच्यात जोर नव्हता, पण या खेपेला ती लागली.

“मोजून मार,” ती म्हणाली.

भारतनं वल्हं पाण्यात घातलं. तिचे ओठ हलत होते. एक. दोन. तीन.

“चार झाले,” अंबूबाई म्हणाली. “दे त्याला.”