देवधर मॅडमचं कपाट आणि माझी बाटली

दुकानात माल येतो आणि जातो. किस्से मात्र एकदा आले की जागा अडवून बसतात. त्यात सहा वर्षांपूर्वी मी अंधेरीच्या एका लॅबच्या नादी लागलो आणि आता तर ठेवायलाच जागा नाही!

माझं दुकान मालाडला. राळ, डिंक, लाख, मंजिष्ठा, हिरडा, नीळ... झाडापासून निघणारं आणि रंगाला किंवा चिकटवायला लागणारं जे काही असेल, ते माझ्याकडे मिळतं. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या झटक्यात. बाकी सगळं गोणीत हात घालून शिकलो.

एके दिवशी एक बाई काउंटरवर आल्या. पांढरे केस, खांद्याला झोळी.

"मंजिष्ठा आहे?"

"एकदम ओरिजिनल!"

"कुठल्या डोंगरातली? कोणत्या महिन्यात काढली? कोणी काढली?"

म्हटलं, "बाई, रंग हवाय की स्थळ बघताय?"

त्या हसल्या नाहीत. अर्धा किलो पूड घेतली आणि गेल्या. चौथ्या दिवशी फोन. "शेठ, तुमच्या ओरिजिनल मंजिष्ठेत कारखान्यातला लाल रंग निघाला. ती मी कपाटात ठेवू शकत नाही."

मी पूड ज्याच्याकडून घेतली होती, त्याची त्याच दिवशी वाट लावली. पण ते कपाट कसलं, हे डोक्यातून जाईना. म्हणून बघायला गेलो.

*

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक गाळा. त्या बाई, म्हणजे डॉक्टर देवधर मॅडम, तिथे जुन्या वस्तू तपासतात. दीडशे वर्षांच्या पागोट्यातला एक धागा घ्यायचा आणि मशीनला विचारायचं, "बाबा, हा रंग कशाचा?" मदतीला गवस नावाचे एक मालवणी गृहस्थ. मॅडम बोलतात कमी, आणि त्यांच्या वाटणीचं गवस बोलतात.

कपाट साधं लोखंडी. आत छोट्या बाटल्या. प्रत्येकीत खात्रीचा नमुना आणि चिठ्ठीवर तो देणाऱ्याचं नाव. अनोळखी रंग आला की या बाटल्यांशी ताडून बघतात.

त्या कपाटासमोर उभा राहिलो आणि मनात आलं, अठ्ठावीस वर्षं या धंद्यात काढली. यातल्या एका तरी बाटलीवर 'कदम, मालाड' असलंच पाहिजे!

दर गुरुवारी दुकान बंद असतं. तेव्हापासून माझा गुरुवार लॅबमध्ये.

*

पुढच्या खेपेला राळ नेली. आमच्या धंद्यातली सवय, थोडं वाढवून सांगितल्याशिवाय जीभ उचलत नाही. म्हटलं, "मॅडम, वडिलांच्या वेळची आहे. पन्नास वर्षं हात लावलेला नाही. बघा, पुडीसुद्धा तीच!"

मॅडमनी पुडी सोडली, राळ बाजूला ठेवली आणि कागद सरळ करून वाचायला घेतला.

"शेठ, तुमच्या वडिलांच्या वेळी मोबाईलवर कॅशबॅक मिळायचा?"

गवस आत जाऊन हसले. आत म्हणजे एक पडदा आहे फक्त. सगळं ऐकू येतं!

*

जुहूच्या एका बंगल्यातले साहेब एकदा तांब्याचा मोठा गडू घेऊन आले. म्हणाले, "राजघराण्यातला आहे. राजे यातून काय प्यायचे, ते मला हवंय."

गडू असा लखलखत होता की गवसांनी त्यात बघून भांग पाडला.

मॅडमनी आठवडाभराने रिपोर्ट हातात ठेवला. चिंच, मीठ आणि नारळाचा काथ्या. मी समजलो. साहेबांच्या मोलकरणीने गडू असा काळाकुट्ट कसा न्यायचा म्हणून आदल्या दिवशी चांगला घासून दिला होता. राजांचं जे काही होतं, ते मोरीतून वाहून गेलं!

साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. चेहरा खुलला.

"चिंच आणि नारळ! म्हणजे राजे सार प्यायचे!"

*

मग आली होडीची फळी. एका संग्रहालयाने पाठवलेली. तिच्यावर काळा, चिवट थर. मॅडम दोन आठवडे त्याच्यामागे. एक झाडाचं आहे, एक प्राण्याचं आहे, इतपत कळलं. पुढे गाडी सरकेना.

त्या गुरुवारी हिराबाई कोळीण गवसांची पापलेटं घेऊन आल्या. दारात टोपली उतरवली, नाक वर केलं.

"मुशीच्या तेलात राळ घोटलीय कोणी? आमचा आजा होडीला हेच लावायचा."

मॅडम खुर्चीतून उठल्या. मुशी म्हणजे शार्क. मशीनला पुन्हा विचारलं, तर मशीन म्हणतं, बरोबर!

"हिराबाई, दोन आठवडे ही फळी इथेच आहे. तुम्ही रोज येता. बोलला का नाहीत?"

"इचारलंत कधी? तुम्ही पापलेटचा भाव इचारता, तो सांगते!"

हिराबाईंनी घरून तेल आणि राळ आणून मॅडमसमोर घोटून दिली. बाटली भरली, नाव चिकटवलं, कपाटात गेली. पहिल्या फटक्यात! मी टाळ्या वाजवल्या. पण खरं सांगतो, तळमळत वाजवल्या.

*

गेल्या एप्रिलची गोष्ट. लॅबचा एसी दोन आठवड्यांपासून बंद पडलेला. तरी मॅडम कधी नव्हे त्या खुशीत होत्या. एक जुनी रजई, एक पागोटं, एक देवाचा पडदा. तिन्ही वेगवेगळ्या गावांची, आणि तिन्हींवर मेंदीचा रंग!

"शेठ, त्या काळी मेंदीचा व्यापार कुठवर होता, याचा पुरावा आहे हा. मी लेख लिहितेय."

मीही भिंगावर वाकून तिन्ही कापडं पुन्हा एकदा नीट बघितली. दर गुरुवारी बघायचोच.

पुढच्या आठवड्यात गेलो तर सन्नाटा. मेंदीच्या पाठोपाठ मशीनने एक केमिकल काळा रंगही दाखवला होता. तो जुन्या काळचा असणं शक्यच नव्हतं. लेख बोंबलला. मॅडम व्हिजिटर रजिस्टर उघडून बसल्या होत्या.

"तिन्ही कापडं टेबलावर होती, त्या दिवशी बाहेरचा एकच माणूस आलाय."

गवसांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, थोडं वर.

माझ्या कपाळावरून घामाचा एक थेंब निघाला. सावकाश. तपकिरी.

"मान खाली घाला," मॅडम म्हणाल्या.

घातली. त्यांनी कापसाचा बोळा माझ्या कानामागे फिरवला आणि आत गेल्या. पाऊण तास मशीन गुरगुरत होतं. मी मनात म्हटलं, कदमशेठ, बाटली राहिली बाजूला, आता हा जिनाही बंद!

पडद्यातून गवस बाहेर आले. "शेठ, मशीनीन तुमका वळाखलान!"

मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात कपाटाचं दार करकरलं. मॅडमनी एक बाटली वरच्या फळीवर, अगदी पुढे, हाताला पहिली लागेल अशी ठेवली. चिठ्ठी ओली होती, पण वाचता येत होती. 'कदम, मालाड.'

मी चिठ्ठी दोनदा वाचली.

मॅडमनी कपाट बंद केलं, किल्ली झोळीत टाकली आणि म्हणाल्या, "डायची कंपनी बदलणार असाल, तर आठ दिवस आधी कळवा. बाटली नवीन भरावी लागेल."